ढालीला बोट

यवतच्या दुधाच्या स्पर्धेत आमच्या गायीचा पहिला नंबर आला. आमच्या म्हंजी आईच्या. धार ती काढती, वैरण ती टाकती, गाय आजारी पडली तर गोठ्यात जाऊन झोपती बी तीच. पण भावकीच्या व्हाट्सॲप ग्रुपवर फोटो आला त्यात गायीभोवती सहा बाप्ये. मधोमध माझे चुलत चुलते, दूध संस्थेचे चेअरमन, आप्पा. एक हात गायीच्या पाठीव, एक पाय पुढं, हनवटी आभाळात. बाकीच्यांनी बक्षिसाच्या ढालीला घावंल तिथं बोट लावलेलं. आमच्याकडं बोट लागलं की बक्षिसात वाटा आला.

"दावं धरून मी व्हते की तिथं," आई म्हणाली. मी फोटो मोठा केला. गायीच्या मागं हिरव्या बांगड्यांचा हात तेवढा दिसला. त्या दिवशी आईनं भाकरी लई जोरात थापल्या.

दुसऱ्या दिवशी मी तिला गोठ्यात उभी केली. "आप्पांसारखी उभी रहा."

"म्हंजी कशी गं?"

मी घसा खाकरून आप्पांचा आवाज काढला, "आपल्या सर्वांच्या, अं, सहकार्यानं..."

शाळेत हेडमास्तरांची नक्कल केली म्हणून मी वर्गाबाहेर दिवस काढल्यात. हे माझ्यात आलं कुठनं, ते त्या सकाळी कळलं. आईनं खांद्याव टॉवेल टाकला, पाय पुढं घेतला, हनवटी वर केली आन् वरनं पोट बी फुगवलं. मी फोटो इन्स्टाला टाकला, स्टेटसला टाकला आन् भावकीच्या ग्रुपवर तर मुद्दाम टाकला. खाली लिवलं, 'पहिला नंबर, मालकिणीसह.'

संध्याकाळी आप्पांची बुलेट दारात.

"डिलीट कर. संस्थेची इज्जत हाय."

"आप्पा, फोटोत संस्था कुठंय? गाय हाय आन् आई हाय."

"लई शानी झालीस. कालेजला ह्याच्यासाठी घातली व्हय तुला?" माझ्यापुढं चालंना म्हणून ते आईकडं वळले. "वहिनी, संस्थेच्या बॅनरवर तुमचा बी फोटो घेतो. खाली, कोपऱ्यात. तेवढं पोरीला सांगा."

आईनं चहाची बशी पुढं सरकवली. "कोपरा नको, भावजी. तुम्ही तुमचा फोटो काढा ग्रुपवरनं, मंग पोरगी आमचा काढंल."

आप्पांनी फुंकर मारत सगळा चहा पिला, आन् बुलेटला किक मारली.

त्यांचा फोटो ग्रुपवर हाय. म्हणून आमचा बी हाय. मंग मी तोच आईच्या डीपीला लावला. तवापासनं ती रोज सकाळी धार काढून झाली की हात पुसती आन् आप्पांना न चुकता मेसेज धाडती, 'शुभ सकाळ.'