थांबा, लाइन मिळतेय

मी आज जो काही आहे, तो मंदाकिनी परब या बाईंमुळे आहे. माझ्या आईची ही मावसबहीण, आमची मंदामावशी. कणकवलीजवळच्या आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. बारावी झाल्यावर मला वडिलांच्या सायकलदुरुस्तीच्या दुकानात बसवायचं जवळपास ठरलं होतं. तेव्हा हिने शेजारच्यांकडे फोन करून आईला बोलावून घेतलं आणि सांगितलं, "त्याला मुलुंडला माझ्याकडे पाठव. कॉलेजचं मी बघते." पदवी हातात पडेपर्यंत मी तिच्या दोन खोल्यांच्या घरात राहिलो. गेल्या महिन्यात एका सकाळी तिच्या मुलीचा, वृषालीचा फोन आला. "दादा..." एवढंच म्हणाली आणि थांबली. मग कसाबसा आवाज सावरत म्हणाली, "जरा होल्ड कर हं..." पुढचं ऐकण्याची गरज उरली नव्हती. तरीही मी फोन कानाला धरून उभा राहिलो. ही सवय त्या घरातच लागलेली.

मावशी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. ती नोकरीला लागली तो काळ ट्रंक कॉलचा. मुंबईहून गावी बोलायचं तर आधी कॉल नोंदवायचा आणि लाइन मिळेपर्यंत वाट बघायची. मावशी सांगायची, "लाइन मिळणं आमच्या हातात नसायचं रे. पण माणसाला मुक्या फोनवर टांगून ठेवायचं नाही, एवढं होतं ना हातात! मध्ये मध्ये जाऊन सांगायचं, थांबा, लाइन मिळतेय. नाहीतर, कोल्हापूरपर्यंत पोचलीय, पुढे अडलीय. कारण कळलं की माणूस थांबतो. कारण नाही कळलं की त्याच्या मनात नको नको ते येतं." तिची ही सवय घरीही सुटली नव्हती. पाहुणे बाहेर बसलेले असायचे आणि ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "दूध तापतंय, आलेच!" मग, "साखरेचा डबा सापडत नाहीये, वृषालीने कुठे कोंबलाय कोण जाणे!" कॉलेजचे माझे मित्र हसायचे. "तुझी मावशी चहाची कॉमेंट्री करते यार," म्हणायचे. आणखी एक तऱ्हा होती तिची. सुट्टीत मी गावी गेलो की तिला फोन केलेला चालायचा नाही, पत्रच लागायचं. "दिवसभर फोन कानाला असतो मेल्या. घरी तरी माझ्या कानाला सुट्टी दे." मी नोकरीला लागलो, लग्न करून बोरिवलीला राहायला गेलो, तरी महिन्या-दोन महिन्यांनी माझं एखादं पत्र मुलुंडला जातच राहिलं.

खोकला बरेच दिवस हटेना म्हणून तपासण्या झाल्या आणि फुप्फुसाचा कर्करोग निघाला. वृषाली आणि मी दोघांनी मिळून एक मोठं रुग्णालय निवडलं. चकचकीत, काचांचं, सगळ्या यंत्रांनी सज्ज. उपचारात तिथे काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण तिथे नुसतं बसून राहावं लागायचं. कशासाठी, किती वेळ, ते कुणी सांगत नसे. फाइल कुठेतरी आत जायची, आपण बाहेर. आतून कुणी आलं की आम्ही तिघंही उठून उभे राहायचो आणि तो माणूस आमच्या शेजारून निघून जायचा. मग वृषालीच्या डोक्यात सुरू व्हायचं, रक्ताच्या रिपोर्टमध्ये काही निघालं असेल का, म्हणून उशीर होतोय का... तिच्या चेहऱ्यावरून ते माझ्या डोक्यात यायचं. मावशी मात्र काउंटरकडे टक लावून बघत असायची. एकदा म्हणाली, "आमच्याकडे असं वागले असते ना, तर सुपरवायझरने सोलून काढलं असतं."

केमोचा पहिला डोस झाला आणि काही दिवसांनी ती मला म्हणाली, "महेश, कानात रिंग वाजतेय रे. कुणी उचलतच नाही." मला आधी गंमत वाटली. मग तिचा चेहरा बघितला. एरवी खालच्या मजल्यावरची कुजबुज ऐकून वर बसून उत्तर देणारी बाई, तिला पलीकडच्या खोलीतला कुकर ऐकू आला नव्हता. पुढच्या भेटीत तिने हे सांगितलं, तर समोरच्या डॉक्टरांनी, ते त्या दिवशी नवेच होते, स्क्रीनवरून नजर न काढता "होतं असं" म्हटलं आणि वृषालीकडे वळून पुढच्या डोसची वेळ सांगितली. बाहेर आलो तर हातात टॅब घेतलेली एक मुलगी हसतमुखाने समोर आली. "आंटी, फीडबॅक द्याल? स्वच्छता, जेवण, स्टाफ. सगळीकडे फाइव्ह स्टार टाकू ना?"

"टाक की. लादी झकास आहे तुमची," मावशी म्हणाली. "पण बाळा, तुमचं म्हणणं कुणी ऐकून घेतलं का, असा प्रश्न आहे का गं यात?"

मुलीने बोटाने स्क्रीन वर-खाली केली. "नाही आंटी. तो नाहीये."

घरी आल्यावर मावशीने जाहीर केलं की ती दुसरा डोस घेणार नाही. तिथेही नाही, कुठेच नाही. वृषाली रडली, चिडली. "आई, वेडी आहेस का तू? जिवाशी खेळ आहे हा!" मावशी शांतपणे भाजी निवडत होती. "जिवाचंच बोलतेय मी. कान गेले तर मी उरणार कुठे? नुसती बसून राहू कोपऱ्यात?" आम्ही समजावलं, नातेवाइकांनी फोनवरून रागावून घेतलं, ती ढिम्म. डोसची तारीख जवळ येत होती आणि मला ऑफिसात काही सुचत नव्हतं. अंधेरीच्या ऑफिसातून मुलुंडला जाताना रिक्षात बसून मी मनात वाक्यं जुळवायचो. आज काय सांगितलं म्हणजे ती ऐकेल...

शेवटी त्यांच्या सोसायटीतल्या कुणीतरी मुलुंडमधल्याच एका छोट्या रुग्णालयाचं नाव सुचवलं. नुसतं बोलून येऊ, या बोलीवर ती तयार झाली. तिथेही गर्दी होती, बाकडी साधी होती, पंखा आवाज करत होता. पण आम्ही बसतोय तोच एक परिचारिका दारातून डोकावून म्हणाली, "मावशी, आतल्या पेशंटला त्रास होतोय, डॉक्टर तिथे अडकलेत. वेळ लागेल. चहा घेऊन या हवं तर." मावशीने माझ्याकडे बघितलं. पदर सारखा करून नीट टेकून बसली. डॉक्टरांनी फाइल उघडायच्या आधी विचारलं, "तुम्ही काय काम करायचात?" ती म्हणाली, "टेलिफोन ऑपरेटर. कानांवरच पोट भरलंय डॉक्टर." त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि खुर्ची पुढे ओढून तिच्याशीच बोलले. पहिल्या औषधाने कानाला इजा होऊ शकते, तशी सुरुवात झालेली दिसतेय, गेलेलं ऐकू येणं कदाचित परत येणार नाही. त्याच जातीचं दुसरं औषध आहे, ते कानाला सौम्य आहे, पण रक्तातल्या पेशी जास्त उतरवतं. "आजारावर ते पहिल्याइतकंच चालेल का, याची मी शंभर टक्के खात्री देणार नाही. माझ्या मते फरक थोडा आहे. पण ठरवायचं तुम्ही."

"म्हणजे कोल्हापूरपर्यंत पोचलीय, पुढचं माहीत नाही," मावशी म्हणाली. डॉक्टरांना काही कळलं नाही. तिने दुसरं औषध निवडलं, आणि उपचार सुरू झाले.

तेव्हापासून माझ्या छातीत एक धडधड बसली ती अजून गेलेली नाही. मावशी त्यानंतर दोनेक वर्षं जगली. रक्त कमी व्हायचं, ताप यायचा, ताप आला की वृषालीचा फोन, की मी निघालो. प्रत्येक वेळी मनात यायचं, पहिलंच औषध चालू ठेवायला हवं होतं का? मोठं रुग्णालय सोडायला नको होतं का? आता भेटायला येणारे विचारतात, "ट्रीटमेंट चांगली मिळाली ना?" त्यांना बहुतेक रुग्णालयाचं नाव ऐकायचं असतं. औषधांचं मला कळत नाही. पण मावशी स्वतः कुणी विचारलं की म्हणायची, "उत्तम. मला सगळं सांगतात." वेदना होत होत्या तेव्हाही हेच म्हणायची. मला वाटतं, आजारी माणसाला बरं होण्याच्या खालोखाल हेच हवं असतं. तरी माझी धडधड तेवढ्याने थांबत नाही, हेही खरंच आहे.

परवा घरी चहा टाकताना माझ्या तोंडून आपोआप निघालं, "दूध तापतंय, आलोच!" बाहेरच्या खोलीत कुणीही नव्हतं.

शेवटच्या स्कॅनच्या वेळी मी ऑफिसच्या कामाने इंदूरला होतो. रिपोर्ट आणखी एका डॉक्टरांच्या मतासाठी अडला होता. काहीही निघालं तरी मीच सांगायचं, असं तिने माझ्याकडून वचन घेतलं होतं. फोन करायचा धीर होईना. माझा आवाज तिने एका क्षणात ओळखला असता. म्हणून पत्र लिहिलं आणि कुरिअरने पाठवलं. नंतर रिपोर्ट आला, तो चांगला नव्हता. मी मुलुंडला जाऊन, तिच्याजवळ बसून, हळू आवाजात सगळं सांगितलं. तिने डोळे मिटून ऐकलं. म्हणाली, "स्पष्ट ऐकू आलं रे."

तिच्या घरात तिचा जुना फोन स्टुलावर अजून तसाच आहे, लाइन कधीच बंद झालेली. ते पत्र वृषालीला त्या फोनखाली सापडलं. तिने मला परत दिलं.

प्रिय मावशी,

सा. न.

रिपोर्ट अजून आलेला नाही. उशीर वाईटासाठीच होतोय असं समजू नकोस. दुसऱ्या डॉक्टरांना तो नीट बघायचा आहे, ते बाहेरगावी आहेत, एवढंच कारण आहे. मी आज सकाळी विचारलं, उद्या पुन्हा विचारीन. चांगला असेल तर चांगला सांगेन, वाईट असेल तर वाईट सांगेन, वृषालीला बाहेर नेऊन कुजबुजणार नाही. मला भीती वाटतेय, हे तुझ्यापासून लपवत नाही. तुलाही वाटत असणार. पण गावाहून आलेल्या मला तू एकदाही मुक्या फोनवर टांगून ठेवलं नाहीस, आणि मीही तुला ठेवणार नाही.

थांब, मावशी. लाइन मिळतेय. मी इथेच आहे.

तुझा,
महेश