दाजींच्या कॉम्प्युटरातलं वासरू

इंटरनेटवर काडीचाही विश्वास नसलेला आणि तरीही दिवसभर त्यालाच चिकटून बसलेला माणूस उभ्या जुन्नर तालुक्यात एकच, आमचे दाजी. माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान; राहणार निमगाव सावा. टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट घरात आलं आणि दाजींनी दिसेल तो व्हिडिओ कॉम्प्युटरात उतरवून ठेवायचा सपाटा लावला. "त्याचं काय, आज हाय, उद्या न्हाई. आपल्या डब्यात पडलं की आपलं," असं ते म्हणत. द्राक्षाची छाटणी, पाण्याची मोटर उघडणं इथवर ठीक. पण बर्फाला भोक पाडून मासे कसे धरावेत, हेही त्यांच्या संग्रही होतं. पाच मिनिटांच्या व्हिडिओला अर्धा दिवस लागे आणि तोवर फोनला कुणी हात लावायचा नाही. त्यापायी माझ्या भाचीला मुलाकडून पसंती आल्याचा निरोप शेवटी एसटीच्या कंडक्टरनं आणून दिला. अक्का तर डबा उकिरड्यावर टाकायच्या बेतात होती.

एकदा दुपारी मी गेलो, तर गाय अडलेली. वासराचं तोंड आणि एक पाय दिसत होता, दुसरा आत दुमडलेला. गुरांचे डॉक्टर लांब डिंभ्याकडे गेलेले, संध्याकाळशिवाय येणं शक्य नव्हतं. अक्काच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. दाजी आत गेले आणि थोड्या वेळानं गोठ्याकडच्या खिडकीत कॉम्प्युटरचा पडदा आणून ठेवला. त्यावर कुणी परदेशी शेतकरी अगदी अशीच गाय सोडवत होता. भाषा आम्हां कुणालाच कळेना. मी तेवढंच पुन्हा पुन्हा मागं नेऊन लावत राहिलो. दाजींचा पंजा दांडगा, म्हणून अक्कानं बांगड्या उतरवल्या, कोपरापर्यंत हात धुऊन तेल लावलं. दाजी पडद्याकडं बघत हळू आवाजात सांगत होते, "आधी वासरू मागं लोट. आता खूर तळव्यात झाकून घे. घाई न्हाई."

तिसऱ्या खेपेला पाय सुटला आणि वासरू बाहेर आलं. निपचित होतं. दाजींनी नाकात गवताची काडी फिरवली तसं ते शिंकलं.

हात धुऊन अक्का खिडकीपाशी आली. पडद्याकडं बघत म्हणाली, "अजून काय काय हाय वो यात?"

इतक्या वर्षांत दाजींना हे कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं नीट पुसला आणि बर्फातल्या माशांपासून सुरुवात केली.