परक्या बाईचं दुःख

निवृत्त झाल्यावर आमच्या ह्यांना जुन्या युरोपियन सिनेमांचं वेड लागलं. मुलाने मोठा टीव्ही घेऊन दिला आणि रविवारी दुपारी गोरखपूर मोहल्ल्यातल्या आमच्या घरी त्यांचे मित्र जमू लागले. सगळे हिंदी बोलणारे, सगळे निवृत्त साहेब. माझं आतबाहेर चालू असायचं, त्यामुळे सिनेमा मला तुकड्यातुकड्यांतच दिसायचा.

त्या रविवारचा सिनेमा एका नवराबायकोचा होता. थंड देशातला, काळापांढरा. बायको काही बोलू बघते आणि नवरा दर वेळी चष्मा पुसतो, घड्याळाला चावी देतो, उठून जातो. शेवटी ती बोलणंच सोडते. सिनेमा संपला तेव्हा ह्यांचे डोळे ओले होते. या बाईला काय हवं ते आयुष्यात कुणी विचारलंच नाही, असं ते मित्रांना समजावू लागले. फार सुंदर बोलले. मी दारात उभी राहून ऐकत होते. मग त्यांची नजर माझ्याकडे गेली.

"चहा काहून नाही झाला अजून?"

चहा केला. मंडळी गेल्यावर मी त्यांच्यासमोर बसले आणि शहपुऱ्याच्या शाळेचा विषय काढला. लग्नानंतर मी तिथे शिकवायला जात असे, रोज बसने. एका सकाळी मुख्याध्यापिकांनी बोलावून सांगितलं, तुमचे साहेब काल येऊन गेले, तुम्ही नोकरी सोडताय म्हणाले. माझ्या जागी दुसरी बाई ठरलीही होती. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या, घर चालत नव्हतं, हे खरंच होतं. तेव्हा मी गप्प बसले. त्या रविवारी पहिल्यांदा बोलले.

त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला, एवढं मात्र केलं.

"अच्छा? मला तर वाटलं, तूच थकली होतीस."

"तुम्ही विचारलं होतं काय?"

"आता इतक्या वर्षांनी काय काढून राहिली? तेव्हाच बोलायचं होतं ना."

मी उत्तर जुळवत होते, तोवर त्यांनी बातम्या लावल्या.

पुढच्या रविवारी मी स्वयंपाकघरात गेलेच नाही. खुर्ची ओढून मित्रांच्या शेजारी बसले आणि सिनेमा संपेपर्यंत उठले नाही. सगळे अवघडले, गप्पांना न थांबता निघून गेले. नंतर ही बैठक सिविल लाइंसला एका मित्राच्या बंगल्यावर भरू लागली. मला सांगितलं, तिथला टीव्ही आणखी मोठा आहे.

आता रविवारी दुपारी घरात मी एकटीच असते. पहिल्या रविवारी बरं वाटलं. मग लक्षात आलं, ते असले काय नि नसले काय, घर तेवढंच गप्प असतं.