जब्दीकाकाचा ताल्या

आमच्या जब्दीकाकाएवढा तोंडाळ धनगर अख्ख्या यहूदियाच्या डोंगरात नसेल. त्याच्या शिव्यांना कंटाळून लांडगे पलीकडच्या खोऱ्यात राहायला गेले, असं आम्ही म्हणतो. पण त्याच्यासमोर ताल्याला पोरकं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

ताल्या म्हणजे त्याचं लाडकं कोकरू. त्याला जन्म देतानाच मेंढी गेली. काकाने शेळीच्या दुधात बोळा बुडवून त्याला वाढवलं. "मी असताना ते पोरकं कसं?" म्हणत तो अंगावर धावून यायचा.

अलूल महिन्याची पहिली तारीख उजाडली, म्हणजे जनावरांचं नवं वर्ष. त्या दिवशी वर्षभरात जन्मलेली कोकरं वाडग्यात कोंडायची आणि आया बाहेर ठेवायच्या. आया ओरडतात, तशी कोकरं अरुंद दारातून एकेक करून उड्या मारत येतात. धन्याने काठी धरून मोजायचं. दहावं येईल त्याला गेरू लावायचा. ते देवाचं, यरुशलेमला नेऊन कापायचं.

"ताल्याला आत घालू नका," शफीराकाकू म्हणाली. "त्याची आई बाळंतपणात गेली. असलं कोकरू मोजणीत धरत नाहीत."

"बाकीची पोरं आत आणि माझं तेवढं बाहेर? ते काय कमी आहे?"

"करा काय करायचं ते!"

मोजणी सुरू झाली. ताल्यासाठी बाहेर कुणीच ओरडत नव्हतं, म्हणून तो आत कोपऱ्यात बसून राहिला. काकाच्या जिवात जीव आला. खुशीत येऊन त्याने जरा जास्तच जोरात आरोळी ठोकली, "नऊ!"

तो आवाज ऐकला मात्र, ताल्या टुणकन उठला आणि सगळ्यांना तुडवत थेट दाराबाहेर.

"दहा म्हण की," गावचे गुरुजी याकीम आजोबा गेरूचं भांडं पुढे करत म्हणाले.

काकाने हातातली काठी खाली टाकली. मला हसू येत होतं आणि ताल्याची दयाही.

"अहो, सांगा ना," काकू कळवळली. "पोरका आहे म्हणा. सुटेल बिचारा."

"गावाला ठाऊक आहे," आजोबा म्हणाले, "पण धनी तू, आत घातलास तू. तूच सांग."

काका खाली बसला. त्याने ताल्याचे दोन्ही कान हातांनी घट्ट झाकले. "पोरका आहे," तो पुटपुटला.

"ऐकू नाही आलं!" आम्ही ओरडलो.

"पोरका आहे, मेल्यांनो!"

आजोबांनी भांडं मागे घेतलं. "मग हा मोजणीतच नाही. पुढचं येऊ दे."

बाहेर आलेली कोकरं आयांना ढुशा देत होती. ताल्या काकाच्या दोन पायांमध्ये घुसला आणि त्याच्या झग्याचा कोपरा चोखू लागला.

"हो," काकू डोळे पुसत म्हणाली, "दिसतोय ना किती पोरका आहे तो."