सॉकेटवरचं काळं झाकण

आमच्याकडे नवीन वस्तू घरात आली की आधी तिला हळदकुंकू लागतं, मग ती वापरायची. फ्रिज असो, मिक्सर असो, आईच्या हातून सुटका नाही.

गेल्या वैशाखात वीज कडाडली आणि बायकोचा कॉम्प्युटर जळला. ती घरबसल्या मुंबईच्या एका ऑफिससाठी इमारतींचे नकाशे काढायची. सोमवारी नकाशे आले नाहीत तर काम दुसऱ्याला देऊ, असं त्यांनी स्पष्ट कळवलं होतं. शनिवारी मी नवीन मदरबोर्ड आणि प्रोसेसर आणला. दुकानदार म्हणत होता, बसवून देतो. पण मला फार शहाणपण. व्हिडिओ दोनदा बघितला होता ना.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलाशी बसलो. लोखंडी कपाटाला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवली. बोर्डावर प्रोसेसर जिथे बसतो त्या सॉकेटचं काळं झाकण काढून ठेवलं. आत केसासारख्या बारीक पिना. प्रोसेसर कडांना धरून उचलला, तेवढ्यात आई तबक घेऊन आली.

"अगो आई, नंतर."

"कॉम्प्युटरच्या पेटीत गेल्यावर काय पत्र्याची पूजा करू?"

"बरं, आटप लवकर."

तिने खोक्याला कुंकू लावलं. अक्षता घेतल्या आणि उघड्या पिना बघून थबकली. "ह्याच्यावर झाकण नसतं काय रे?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

तिने बोर्डावर अक्षता वाहिल्या. मी कोपऱ्यातली त्रिकोणाची खूण जुळवून प्रोसेसर ठेवला आणि तो घट्ट बसवायची सॉकेटची दांडी दाबली. कर्रकन आवाज आला. असा आवाज होतोच, असं व्हिडिओत सांगितलं होतं, म्हणून आणखी जोर लावला.

सगळं जोडलं, पण मशीन सुरू होईना. प्रोसेसर परत उचलला, तर खाली कुंकवाने लाल झालेला तांदळाचा दाणा आणि त्याच्याभोवती वाकड्या झालेल्या पिना. सरळ करायला गेलो तर दोन तुटल्याच.

मी आईवर ओरडलो. नको नको ते बोललो. आरडाओरडा ऐकून बायको आतून धावत आली. आई टेबलावरच्या अक्षता वेचायला लागली. रविवारी दुकान बंद. सोमवार गेला आणि काम गेलं. त्यानंतर बायको सासूशी कामापुरतंच बोलायची. आई तिला म्हणायची, "माझ्याच हातून झालं गो, चुकलं माझं." मी पेपरात डोकं घालून बसायचो. मी इतका भित्रा असेन असं मला वाटलं नव्हतं.

दुसरा बोर्ड दुकानदाराने बसवून दिला. बायकोला मात्र दुसरं काम अजून मिळालेलं नाही.

दसऱ्याला मी कॉम्प्युटर पुसून ठेवला. आई तबक घेऊन आली आणि दारातच थांबली.

"ये ना, वाहा अक्षता," मी म्हटलं.

"आज झाकण लावलंयस ना रे?" तिने हळूच विचारलं. त्यात टोमणा नव्हता, खरंच विचारत होती.

फुलं घेऊन बायको माझ्या मागेच उभी होती. "कसलं झाकण?"

"काही नाही गो," आई म्हणाली, लांबूनच हात जोडले आणि आत गेली.

बायको माझ्याकडे बघत राहिली.