आमच्या तालमीची पळवलेली पोरं

फुटबॉलचा सीझन संपला की मी सगळ्या पोरांचे मोजे धुऊन दोरीवर घालायचे, आणि दरवर्षी चार-पाच मोजे बिनजोडीचे उरायचे. दुसरा कुठं गेला याचा तपास मी पहिली काही वर्षं केला. मग सोडून दिला. ज्या पोराच्या पायात तो होता ते पोरगंच दुसऱ्या तालमीत गेलेलं असायचं! आमच्या घरी किस्सेही असेच साठत गेले. टाकवत नाहीत, आणि ट्रंकेत मावत नाहीत. म्हटलं, थोडे लिहून काढावेत.

कोल्हापूरबाहेरच्यांसाठी एवढं सांगते. आमच्याकडं तालीम म्हणजे पूर्वी कुस्तीची जागा. आता बहुतेक तालमींचा फुटबॉलचा संघ असतो आणि त्या संघासाठी अख्खी पेठ जीव टाकते. आमची तालीम त्यातली लहान. चिंचेच्या झाडाखाली दोन खोल्या, म्हणून लोक तिला चिंचेखालची तालीमच म्हणायचे. आमचे हे दिवसभर उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथवर उभे राहायचे आणि सकाळ-संध्याकाळ पोरांना शिकवायचे. पोरं यांना वस्ताद म्हणायची आणि मला काकी.

दहा-बारा वर्षांची पोरं यायची, सतरा-अठराची होईपर्यंत खेळाडू व्हायची. आणि झाली रे झाली की मोठी तालीम त्यांना घेऊन जायची. मोठ्या तालमीचं नाव मी लिहीत नाही. मला कोल्हापुरातच राहायचं आहे.

पोरं नेणारा माणूस ठरलेला होता. अण्णा. मोठ्या तालमीचे कारभारी. पांढरी टोपी, पांढरा शर्ट, गोड बोलणं. ते आमच्या गल्लीत दिसले की हे दारातूनच पोरं मोजायला लागायचे. पोरगं गेल्याचं वाईट वाटायचंच, पण खरी धास्ती वेगळी. पुढच्या सीझनला अकरा पोरं उभी राहतील का? संघ उतरला नाही, नाहीतर हरत हरत तळाला गेला, तर वरच्या गटातली जागा जाणार. आणि एकदा खाली गेली की आमच्याएवढी तालीम बंदच पडते, हे आम्ही शेजारच्या दोन गल्ल्यांत बघितलेलं होतं.

*

नव्वद सालानंतरची गोष्ट. पहिला गेला तो संजू. वाऱ्यासारखा पळायचा.

सकाळची प्रॅक्टिस झाली की मी पोरांना भिजवलेले हरभरे, गूळ आणि चहा द्यायचे. संजू एकाएकी काही घेईना. पोट भरलंय म्हणायचा. प्रॅक्टिसला येतानाच पोट कशानं भरतंय, हे काही आम्हाला कळेना.

एके दिवशी यांनी त्याला जवळ बोलावलं. वरच्या ओठावर पांढरी रेघ होती.

"मिशी फुटली काय रे?"

"न्हाय वस्ताद. दूध हाय."

"कुणाचं?"

"म्हशीचं."

"आणि म्हैस कुणाची?"

संजूनं मान खाली घातली. "अण्णांची."

आमच्याकडं कट्ट्यावर म्हशी आणून उभ्या करतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाचा ग्लास हातात देतात. अण्णा रोज पहाटे संजूला तिथं नेत होते. महिनाभरात गडी त्यांच्या तालमीत गेला.

मी घाबरून दुसऱ्या दिवसापासून चहात दूध वाढवलं. बाकीची पोरं टिकावीत म्हणून. आठवड्याभरानं त्यातलं एक मला म्हणालं, "काकी, आणखी एकदोघं जाऊ देत. चहा लई झ्याक व्हायलाय."

*

सीझनच्या आधी खेळाडूंची नोंदणी असते. ज्या तालमीकडून नाव गेलं, वर्षभर तिकडूनच खेळायचं. त्यामुळं नोंदणीच्या आधीचा आठवडा सगळा लपाछपीचा. कुणी पोरांना पन्हाळ्यावर नेऊन ठेवायचं, कुणी शेतातल्या घरात. नोंदणी झाली की मगच गावात आणायचं.

आमचा बाळू तेव्हा भरात होता. अण्णांची जीप दोनदा त्याच्या घरावरून गेली. हे म्हणाले, आता आपणच याला लपवायचा. मी म्हटलं, माझ्या माहेरी पाठवू. माझं माहेर गडहिंग्लजचं. घरात अव्वा, म्हणजे माझी आई, आणि धाकटा भाऊ शिवू. अण्णांना तिथला पत्ता लागणं शक्य नव्हतं. बाळूला एसटीत बसवलं, घराबाहेर पाय टाकायचा नाही म्हणून बजावलं, आणि आम्ही निवांत झालो.

नोंदणी संपायला आली तेव्हा मी अव्वाच्या शेजारच्या दुकानात फोन केला. अव्वा आली. पोरगं कसं आहे विचारलं.

अव्वानं कौतुक सुरू केलं. पूजेला फुलं आणून देतंय, ताट स्वतः उचलतंय, मोठ्यांना मान देतंय. "आणि काल तर दोन गोल मारलं की गं!"

कोल्हापुरात लग्न करून आल्यावर फुटबॉल फक्त कोल्हापुरातच असतो असं मला वाटायला लागलं होतं. माझ्याच गावाला त्याचं किती वेड आहे ते मी विसरले. बाळूनं अंगणात चेंडू चार वेळा गुडघ्यावर झेलला काय, गल्लीतल्या पोरांनी बघितलं काय, आणि शिवूनंच त्याला आपल्या संघात घातला!

फोनवर शिवू आला. म्हणाला, "आक्का, पोरगा परवा देतो. फायनल हाय."

हे रागारागानं पहिल्या एसटीनं गडहिंग्लजला गेले. त्याच दिवशी परत यायचे होते. आले दुसऱ्या दिवशी, बाळूला घेऊन, थेट नोंदणीच्या ऑफिसात. एवढा उशीर का झाला विचारलं तर माझ्याकडं न बघता म्हणाले, "मॅच जादा वेळेत गेली."

*

मग यांनी देवाचा आधार घ्यायचं ठरवलं. आमच्या भागात शब्द पाळायचा असला की देवापुढं भंडारा उचलतात. हळदीत हात घातला की शब्द मोडायचा नाही. तालमीत खंडोबा होताच. यांनी त्यातल्या त्यात चांगली पाच पोरं निवडली, एका रविवारी देवापुढं उभी केली आणि तालीम सोडणार नाही म्हणून भंडारा उचलायला लावला. नंतर सगळ्यांच्या कपाळाला तो लावला आणि पोरं घरी गेली.

त्या आठवड्यात अण्णा बरोबर त्या पाचही घरी जाऊन आले. बाकीच्या एकाही घरी नाही!

आम्हाला वाटलं, आपल्यातलाच कुणीतरी फितूर आहे. हे आठ दिवस प्रत्येकाकडं संशयानं बघत होते. शेवटी एका लग्नाच्या पंगतीत अण्णाच शेजारी बसले आणि जिलबी वाढून घेत म्हणाले, "वस्ताद, तुमच्यातली खरी पोरं कुठली हे आम्हाला ओळखायला वर्ष जायचं. ह्या टायमाला तुम्हीच पिवळी करून धाडलासा की. मी कोपऱ्यावर पानाच्या दुकानातच हुतो."

हे तिथं हसले. घरी येऊन मात्र पंख्याकडं बघत पडून राहिले.

पाचांतली दोघं गेली. तिसरा जायच्या आधी यांना विचारायला आला. बिचाऱ्याची झोप उडाली होती. शब्द मोडला तर खंडोबा काय करेल, असं त्यानं विचारलं.

हे म्हणाले, "काय करत न्हाय. देवालाबी फुटबॉल कळतोय."

ते पोरगं राहिलं. पण त्यानंतर यांनी कुणाला भंडारा उचलायला लावला नाही.

*

सुनील गडमुडशिंगीहून सायकल मारत यायचा. वडील नव्हते. आई दुसऱ्यांच्या शेतावर जायची. सुनीलला बूट यांनीच घेऊन दिले होते.

एक दिवस हे कामावर असताना त्याची आई माझ्याकडं आली. चहा घेईना, नीट बसेना. मग पदर तोंडाला लावून सांगितलं. अण्णा आले होते. सुनील त्यांच्याकडून खेळला तर थोरल्या पोराला कारखान्यात कायम चिकटवतो म्हणाले.

"काकी, बूट वस्तादांनी दिल्यात. कुठल्या तोंडानं धाडू त्याला?"

मला माहीत होतं, सुनील गेला की आमच्या बचावाला मोठं भगदाड पडणार. पण तिच्या हाताच्या भेगा माझ्यासमोर होत्या. मी म्हटलं, "धाडा. आणि तेच बूट घालून धाडा."

संध्याकाळी यांना सांगितलं. यांनी ऐकून घेतलं. हात-पाय धुतले, जेवले, ताटावरून उठले. मला वाटलं, आता दोन दिवस अबोला. चूळ भरून आले आणि म्हणाले, "लेस नव्या दिल्यास का? त्या जुन्या तुटायला आलत्या."

*

अशी गळती लागली की एका वर्षी संध्याकाळी चिंचेखाली सहाच पोरं. हे त्यांना तीन-तीन करून खेळवायचे आणि मध्येच घड्याळ बघायचे. आता थांबावं, या सीझनला संघ उतरणार नाही असं जाऊन सांगून यावं, एवढ्यावर आले होते. मी अडवलं नाही. फक्त रविवारपर्यंत थांबा म्हटलं, सुट्टीच्या दिवशी एखादं पोरगं वाढतंय का बघू.

रविवारी दार उघडलं तर बाहेर एक रिक्षावाला आणि त्याचं पोरगं. त्याच्या मागं भाजीवाली आणि तिची दोन. इचलकरंजीहून एक मागावरचा कामगार, रात्रपाळी करून थेट एसटीनं, झोपेनं डोळे लाल, हातात पोराचा हात.

हे गोंधळले. इतकी माणसं आमच्या दारात कशाला?

रिक्षावाला म्हणाला, "मोठ्या तालमीत निम्मी पोरं तुमच्यातली हाईत म्हणं. तिथं एकदम कोण घेत न्हाय. हितनं गेलं की घेत्यात."

हे खांबाला टेकून उभे राहिले. इतकी वर्षं ज्याचा घोर लागला होता, त्याचीच ही माणसं चौकशी करत होती! तेवढ्यात इचलकरंजीचे पावणे पुढं झाले आणि अदबीनं म्हणाले, "वस्ताद, ते अण्णा पोरं न्यायला कुठल्या वारी येत्यात?"

हे माझ्याकडं बघायला लागले. म्हणून मीच म्हटलं, "तसा वार न्हाय त्यांचा. पोरगं मात्र रोज धाडा."

*

आता शेवटचा. हा २००० सालाच्या पुढचा.

नवीन पोरं तयार होत होती, तोवर आमचा संघ कसाबसा तग धरून होता. अशात एका सकाळी अण्णांची जीप दारात. हे म्हणाले, "झालं, आता कुणाला नेतोय?" पण अण्णा न्यायला आले नव्हते. सोबत त्यांचा नातू रोहित होता. चौदा-पंधराचा, उंच, अंगानं काडी.

अण्णा म्हणाले, "ह्याला तुमच्यात घ्या. आमच्यात ठेवला तर अण्णांचा नातू म्हणून त्याला कोण साधं ढकलतबी न्हाय."

"माझ्यात सगळी ढकलत्यात."

"म्हणून तर आणलाय."

यांनी त्याला गोलात उभा केला. तीन वर्षं तो चिखलात पडला, ढोपरं फोडून घेतली, माझ्या हातचे हरभरे खाल्ले. मग नोंदणी आली आणि ठरल्यासारखे अण्णाही आले. हे आत निघून गेले. रोहित आजोबांना म्हणाला, "ह्या वर्षी न्हाय. हितं दुसरा गोली न्हाय." अण्णा जीप घेऊन परत गेले.

त्या सीझनला आमचा शेवटचा सामना मोठ्या तालमीशी होता. ते जिंकले तर लीग त्यांची. आम्ही हरलो तर खालच्या गटात. आम्हाला बरोबरी पुरणार होती. तो सामना बरोबरीत सुटला आणि चिंचेखालची तालीम वर राहिली, हे पेपरात चार ओळींत आलं. पेपरात न आलेलं मी सांगते.

मी त्या दिवशी पहिल्यांदाच स्टेडियमवर गेले होते. बायकांना बसायला बरी जागा म्हणून शेजारणीनं मला नेऊन बसवलं ते नेमकं मोठ्या तालमीच्या गॅलरीत. पुढच्याच रांगेत अण्णा. त्यांच्या चारी बाजूंना त्यांची माणसं, झेंडे, हलग्या. मी पदर घट्ट धरून बसले होते.

शेवटची काही मिनिटं उरली होती. गोल कुणाचाच नाही. आणि आमच्या पोराच्या हाताला चेंडू लागला. पेनल्टी! गॅलरी उठून नाचायला लागली. पलीकडं मैदानाच्या कडेला हे पाठ फिरवून उभे राहिलेले मला दिसत होते. अण्णा बसूनच होते.

त्यांचा कॅप्टन धावत आला आणि त्यानं चेंडू डावीकडं, जमिनीलगत, जोरात मारला. रोहितनं अंग टाकलं. चेंडू त्याच्या बोटांना लागून खांबाच्या बाहेरून गेला.

हलग्या थांबल्या. आमची मूठभर माणसं फार लांब होती, त्यांचा आवाज येईना. त्या एवढ्या मोठ्या गॅलरीत एकाच माणसाच्या टाळ्या ऐकू येत होत्या. अण्णा उभे होते.

सगळी गॅलरी त्यांच्याकडं बघायला लागली. अण्णांनी टाळ्या थांबवल्या. टोपी काढली, झटकली, परत घातली आणि खाली बसले.

"माझ्याकडं काय बघतासा?" ते म्हणाले. "कॉर्नर मिळालाय आपल्याला. कॉर्नर बघा."