डागमास्तरच्या ट्रेलरचे पाटे

त्याला सगळे डागमास्तर म्हणत. लोखंडाला लोखंड जोडायचं, डाग द्यायचा, हा त्याचा तीस वर्षांचा धंदा. धंदा कमी आणि खोड जास्त, असं त्याची बायको म्हणायची, आणि तिचं काही चुकत नव्हतं. तुटलेलं तो जोडायचाच. पण जे तुटलेलं नाही, नुसतं हलतंय, वाजतंय, त्यालाही डाग दिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. अंगणाच्या फाटकाची कडी वाजायची. तिला डाग दिला, तेव्हापासून फाटक उघडत नाही आणि घरची माणसं चार वर्षं वर्कशॉपमधून ये-जा करतात. वर्कशॉपच्या मागच्या खोलीतली लोखंडी खिडकी वाऱ्यानं खडखडायची, दुपारची झोप मोडायची. तिच्याही चौकटीला त्यानं चार डाग ठोकले आणि वर बायकोला बोलावून दाखवलं.

आता ती मागची खोली त्यानं रिकामी केली होती, ताईसाठी. ताई म्हणजे त्याची मोठी बहीण. ती पुस्तकांची बांधणी करायची. एकटीच राहायची, एका जुन्या इमारतीत, पुढे काम आणि मागे बिऱ्हाड. ती इमारत आता पाडायची ठरली होती. शनिवारी दुपारी बाराच्या आत खोली रिकामी करा, असा निरोप आला होता. बाकीचं सामान हातगाडीवर सुद्धा आलं असतं. प्रश्न होता कटिंग मशीनचा. कागदाचे गठ्ठे कापणारं, मोठ्या चाकानं हातावर चालणारं ते धूड चांगलं साडेतीनशे किलोचं होतं, आणि सगळं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं. बीड पडलं की तडकतं, आणि तडकलेल्या बिडाला डाग धड बसत नाही.

हे डागमास्तरला कोणी शिकवायला नको होतं. सहा वर्षांपूर्वी त्या मशीनच्या चाकाचा आरा तडकला, तेव्हा ताईनं नको म्हटलेलं असताना त्यानं तो जोडून दिला होता. वर मोठेपणानं मशीनच्या पायथ्याशी आणखी दोन-चार ठिकाणी हात मारून आला होता. तीन आठवड्यांत चाक ताईच्या हातात निखळलं. तिच्या उजव्या हाताचा अंगठा तेव्हापासून वाकत नाही. ती एका शब्दानं बोलली नाही. दुसरीकडून चाक आणून बसवून घेतलं आणि डाव्या हातानं सुई धरायला शिकली. बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला सहा वर्षं वाटत होतं. म्हणून हे एक काम तरी त्याला नीट करायचं होतं. मशीन अखंड, एक ओरखडा न येता, आपल्या हातानं आणायचं.

ताईच्या गल्लीत टेम्पो वळत नाही. डागमास्तरची खटारा जीप आणि तिच्यामागचा छोटा ट्रेलर मात्र जातो. हा ट्रेलर त्यानं घरीच केलेला. सांगाडा अँगलचा, फळ्या मोडक्या दारांच्या, आणि चाकं, कणा, पाटे एका भंगारातल्या गाडीचे. पाटे म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची कमान; सगळं वजन तिच्यावर. सोमवारी त्यानं साडेतीनशे किलो भंगार मोजून ट्रेलरवर चढवलं आणि ट्रेलर खाली बसला तो थेट टायरवर. डागमास्तर उकिडवा बसून बघत राहिला. कमान कसली, पाटे पट्टीसारखे सरळ झाले होते. डावीकडचे तर उलटे वाकले होते.

मंगळवारी तो कमानवाल्याकडे गेला. कमानवाला म्हणजे ट्रकचे पाटे भट्टीत घालून वाकवणारा एक म्हातारा. कमी बोलायचा, आणि जे बोलायचा ते ऐकवत नसे.

"उतरलेत," म्हाताऱ्यानं पाट्यांवरून अंगठा फिरवला. "तापवून वाकवावे लागतील, मग कडक व्हायला परत पाणी द्यावं लागेल. एकेक पाटा वाढवूही. रविवारी घेऊन जा."

"काका, मला शनिवारी सकाळी ट्रेलर लागतो."

"मग शनिवारी ने. असाच."

"असाच नेऊन काय करू? डोक्यावर घेऊ मशीन?"

"ते तू बघ. पोलादाला घाई कळत नाही." आणि म्हातारा भट्टीकडे वळला. डागमास्तरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीस वर्षं लोखंडात हात काळे केलेल्या माणसाला हा शहाणपण शिकवणार!

बुधवारी त्यानं पाटे स्वतःच काढायला घेतले. पाटे कण्याला आवळून धरणाऱ्या यू-बोल्टचे नट गंजून एकजीव झालेले. पाना दोनदा निसटला आणि दोन्ही वेळा त्याच त्याच बोटांची सालटी गेली. तेल घातलं, शिव्या घातल्या, पाइप लावून पान्यावर उभा राहिला, तेव्हा कुठं पहिला नट कुरकुरला. मग रुळाच्या तुकड्यावर एकेक पाटा ठेवून घणानं थंडच ठोकायला सुरुवात केली. त्याच वेळी ताईचा फोन आला.

"अरे, ऐक ना, त्या मशीनचं..."

"ताई, मशीनची काळजी तू करू नकोस. मी आहे ना!"

"हो रे, पण मी काय म्हणते..."

"माझ्या हातात घण आहे," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

दुपारपर्यंत कमान दिसायला लागली. त्यानं पाटे बसवले, भंगार पुन्हा चढवलं. ट्रेलर ऐटीत उभा! त्यानं बायकोला हाक मारली, तिनं येताना चहा आणला. त्याचा चहा संपेपर्यंत ट्रेलर बोट-बोट करत पुन्हा टायरवर येऊन टेकला होता.

"बसला की," बायको म्हणाली.

"मला दिसतंय!"

"मी आपलं सांगितलं." ती कपबशी घेऊन गेली. आत जाऊन हसली असणार, याची त्याला खात्री होती.

गुरुवारी त्यानं भंगारवाल्याकडून जास्तीचे दोन पाटे आणले. ते निघाले अर्धं बोट जास्त रुंद. यू-बोल्टमध्ये शिरेनात. कानशीनं घासून घासून खांदे भरून आले, आणि एवढं करून शिरले तर बोल्टची लांबी कमी पडली. त्यानं पाटा असा भिरकावला की तो न उघडणाऱ्या फाटकावर जाऊन आदळला. दोन दिवस राहिले होते. रस्ता तो काय, तीन वळणं, दोन गतिरोधक आणि एक उतार, आणि तेवढ्यासाठी हे असले पाटे त्याच्या नाकी नऊ आणत होते. तो ट्रेलरखाली उताणा पडून जुन्या पाट्यांकडे बघत राहिला. आणि बघता बघता त्याला वाटलं, यांचं दुखणं काय, तर हे एकमेकांवर घसरतात. घसरतात म्हणून वाकतात. मग घसरू द्यायचंच कशाला?

ही चूक फक्त डागमास्तरच करू शकत होता. दुसऱ्या कोणाला हे सुचलं नसतं आणि सुचलं असतं तरी जमलं नसतं. त्यानं पाटे सुटे करून पुन्हा कमान आणली, एकावर एक दाबून धरले आणि कडेनं डाग देत गेला, दोन्ही बाजूंना, टोकापर्यंत. डाग कसे, मोजून मारलेल्या शिवणीसारखे. साडेतीनशे किलो चढवले आणि ट्रेलर तसूभर हलला नाही. आनंदानं त्याला त्या दिवशी जेवणसुद्धा सुचलं नाही.

शुक्रवारी चाचणी. भंगार ट्रेलरवरच होतं. जीप सुरू करून तो ताईच्या घराच्या वाटेनं निघाला. पहिलं वळण झकास. रस्ता सपाट होता तोवर तो गाणं गुणगुणत होता. पहिल्या गतिरोधकावर ट्रेलर दणकन उडाला. दुसऱ्यावर लाकूड चिरल्यासारखा आवाज झाला, जीप मागून ओढली गेली, आणि ट्रेलर डाव्या अंगावर कलून भंगार रस्त्यावर सांडत गेला. एक जुना नळ गडगडत गटारापर्यंत पोचला. लोक थांबले. एकानं तर विचारलं, "काय मास्तर, विकायला काढलंत का?"

डागमास्तरनं खाली वाकून पाहिलं. डाग एकही सुटला नव्हता. डाग जिथं संपत होता तिथं, अगदी लगत, पाटाच मोडला होता. तुटलेलं तोंड करड्या रंगाचं, दाणेदार. तिथंच रस्त्याच्या कडेला बसून त्यानं कपाळाला हात लावला. आज या नळाच्या जागी मशीन असतं, हे त्याच्या डोक्यातून जाईना.

म्हाताऱ्या कमानवाल्यानं तुटका पाटा हातात घेतला आणि मोडलेल्या तोंडावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "घसरायचे म्हणून तर ते पाटे. तू त्यांना जखडलंस आणि वर पोलादाचं पाणी जाळलंस. मोडेल नाही तर काय करेल?"

"काका, आता बोलू नका. काहीतरी द्या."

म्हाताऱ्यानं आतून एक जुनी जोडी काढून दिली. "तुझ्या आधीच्यांइतकेच मऊ आहेत. दीडशे किलोच्या वर टाकू नकोस. मध्ये ग्रीस लाव, आणि तुझं ते वेल्डिंग मशीन घरी ठेव."

म्हणजे पाच दिवस झटून गडी पुन्हा सोमवारच्याच जागी आला होता.

शनिवारी सकाळी सहाला तो रिकामा ट्रेलर घेऊन ताईच्या दारात उभा राहिला. खालमानेनं म्हणाला, "ताई, मला नाही जमलं. पाटे दीडशेच्या वर पेलत नाहीत. मशीन नाही न्यायला येणार."

ताई कागद बांधत होती. तिनं मान वर केली. "दीडशे पुष्कळ झाले की. तीन खेपा करू."

"तीन खेपा कशा? मशीन एक आहे!"

"एक कुठलं? आलं तेव्हा तीन खोक्यांतून आलं होतं. चाक वेगळं होतं, वरची चौकट आणि पातं वेगळं, खालचा पाया वेगळा. सगळं नटांवर आहे रे. बुधवारी मी तेच सांगत होते, तर तुझ्या हातात घण."

सोमवारपासून डागमास्तरनं मशीनच्या वजनाचं भंगार तोललं होतं, रस्ता मोजला होता, पाट्यांची हाडं मोडली होती. मशीन सुटं करता येतं का, हा विचार त्याच्या डोक्याला शिवला नव्हता. जोडण्याच्या नादात खोलणं म्हणून काही असतं, हेच तो विसरून गेला होता. स्वतःची त्याला इतकी चीड आली की त्यानं नुसताच पाना उचलला आणि कामाला लागला.

चाक उतरलं. पहिली खेप साडेसातला घरी पोचली, मऊ पाटे गतिरोधकांवर छान झुलले. पातं कापडात गुंडाळलं. मग वरची चौकट काढायला तो पायथ्याशी वाकला आणि जागच्या जागी थिजला. चौकट पायाला धरणारे चारही पोलादी नट बोल्टला डाग देऊन बंद केलेले होते. हे काम कोणाचं, ते विचारायची गरज नव्हती.

"सहा वर्षांपूर्वी," ताई म्हणाली. "सैल होऊ नयेत म्हणून दिलेस, जाताना."

"तेव्हा बोलली का नाहीस?"

"कधी बोलायचं? तू डाग देऊन मोकळा झाला होतास."

बाहेर इमारत पाडणाऱ्यांचा मुकादम घड्याळ बघत फिरत होता. डागमास्तरनं ग्राइंडर आणला आणि आपलाच डाग कापायला बसला. बिडाला धक्का लागू द्यायचा नव्हता, म्हणून घण नाही, छिन्नी नाही, केसाकेसानं घासायचं. आणि डाग असे पक्के की बघत राहावं. चाकाचा आरा तीन आठवड्यांत सुटला होता, हे मात्र सहा वर्षांत हलले नव्हते. एक नट निघायला पाऊण तास गेला. घाम डोळ्यात उतरत होता, सोललेली बोटं चुरचुरत होती, आणि तो दात-ओठ खाऊन पुटपुटत होता, "कोणी सांगितलं होतं, कोणी सांगितलं होतं तुला!" चौथा नट गळून पडला तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. चौकटीची खेप पोचवून तो धापा टाकत परतला आणि मुकादमाच्या माणसांच्या मदतीनं पाया ट्रेलरवर चढवला. पाटे करकरले, वाकले, पण टेकले नाहीत. बाकीचं सामान तोवर हातगाडीनं गेलं होतं. बाराला दोन मिनिटं कमी असताना ताईनं रिकाम्या खोलीचं दार ओढून घेतलं.

वर्कशॉपच्या मागच्या खोलीत आल्यावर तिनं आधी मशीनकडे पाहिलंच नाही. ती खिडकीपाशी गेली, ढकलून पाहिली.

"ही उघडत नाही?"

"वाजायची," डागमास्तर म्हणाला.

"कोंदट खोलीत कागद वाकतो. आणि मलाही हवा लागते. उघडेल तेव्हा पाया उतरवू. तोवर राहू दे ट्रेलरवर." ती दारातल्या स्टुलावर बसली.

दारात बायको येऊन उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला. डागमास्तरनं ग्राइंडर उचलला. चार डाग कापायला अर्धा तास लागला. चौथा सुटल्यावर त्यानं खांद्यानं रेटा दिला आणि खिडकी दाणकन उघडली. वारा आत आला, झडप चौकटीवर आपटली आणि पूर्वीसारखीच खडखडायला लागली. त्याचं पित्त खवळलं. सवयीनं त्याचा हात वेल्डिंगच्या तारेकडे गेलाही.

ताईनं पुढे येऊन त्याच हातात पाना ठेवला, आणि दुसऱ्या हातानं कागदाची एक पुडी. पुडीत नवे कोरे चार नट होते. पुडी धरलेल्या हाताचा अंगठा ताठ बाहेर राहिला होता.

"पाया उतरव आणि हे आवळ," ती म्हणाली. "पण पुन्हा खोलता येतील इतकेच."

त्यानं मान हलवली. तिच्या अंगठ्याकडे बघत तो सहा वर्षांनी म्हणाला, "ताई, माझं चुकलं." शेजारच्यांना हाक मारून त्यानं पाया उतरवला, वर चौकट बसवली, मग गुडघे टेकून पहिला नट बोटांनीच फिरवायला घेतला.